श्री देवी श

इथपर्यंत कापलं आणि कटर थांबला.
पातं विनाइलमध्ये तसंच रुतलेलं,
हिरवा दिवा चालू, आतला पंखा चालू,
लॅपटॉप मात्र निवांत: पाठवलं, शंभर टक्के.

रद्द केलं. नवा तुकडा लावला.
या खेपेस 'शर्वा'पर्यंत गेला.
तिसऱ्यांदा नुसता 'श्री',
त्याचीही वेलांटी अर्ध्यात सोडून.

बाकावर गुणाजी गांवस, मांडीवर टोपी.
बाहेर त्याचा टिपर, एक चाक गटाराच्या लादीवर.
खाणी बंद झाल्या त्या आठवड्यात
आवारात लावला होता, तो काल बाहेर काढला.
बॅटरी नवी, पुढचे दोन टायर नवे,
हौद्यात उगवलेलं काजूचं रोप
बायकोनं उपटू दिलं नाही, कुंडीत लावलं.
आता चिरे वाहायचे, म्हणाला.
काचेवरचं जुनं नाव उन्हानं खाल्लंय,
'प्रसन्न'मधला शेवटचा न तेवढा चिकटून आहे.

मी पातं बदललं.
रोलर पुसले, दाब कमी केला.
प्रिंटरची आखूड केबल काढून हिला लावली.
लॅपटॉपला सांगितलं, झोपायचं नाही.
फोंड्याहून भाचा फोनवर म्हणाला, मावशी, ड्रायव्हर.
ड्रायव्हर बदलला.
'श्री दे'.

गांवस म्हणाला, "सुलक्षाबाय, देवी प्रसन्न जायना मगो?"
हसले, पण घाम कानामागून उतरत होता.

मग टेबलावर चारही तुकडे ओळीनं मांडले
आणि पहिल्यांदाच नीट बघितले.
फाइल बिघडलेली असती
तर त्याच अक्षरावर अडली असती.
ही तर दर वेळी वेगळीकडे थांबते,
म्हणजे तिला कुणीतरी थांबवतंय.

पाचव्यांदा सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून
नुसती ऐकत बसले.
पातं कुरकुरत चाललेलं. रस्त्यावर डिचोलीची बस.
भिंतीपलीकडे पास्कोलच्या चिकन सेंटरात
फ्रीजर धरला: खट्.
कटर थांबला.

मशीनच्या पत्र्याला बोटाची उलटी बाजू लावली.
मुंग्या. बारीक, पण मुंग्याच.
वर्षभर त्या जाणवत होत्या,
मी समजत होते माझाच हात दुखतोय.

मागच्या दारी दोन्ही दुकानांच्या अर्थिंगचा एकच खड्डा.
झाकण उचललं, तर मे महिन्यातली तांबडी माती,
तडकलेली, विटकरीसारखी,
आणि नट गंजून तांब्याची तार नावापुरती टेकलेली.
मेन बंद केला. पास्कोल सुरी हातात घेऊनच आला,
म्हणाला, कोंबड्या वितळतील, लवकर.
पॉलिश पेपरनं तार घासली, नट नवा घातला.
कोळसा त्यानं दिला, खडे मीठ मी,
पाणी गांवसनं ओतलं, कळशी तिरकी धरून,
रोपाला घालावं तसं, सावकाश.
पहिली कळशी जमिनीनं आवाज करत घेतली.
तिसरीला वर थोडं साचलं.

मेन चालू. पत्र्याला बोट: काही नाही.
'श्री देवी श' झालं, 'र्वाणी' झालं,
पलीकडे खट् झालं,
आम्ही तिघेही मशीनकडे न बघता
एकमेकांकडे बघत होतो.
पातं 'प्र'च्या पायाखालून वळलं
आणि पुढं गेलं.

टोचणीनं अक्षरांची पोटं काढत होते
तेव्हा गांवसनं विचारलं, ते अर्धे टाकणार?
टाकणार.
"मग मला दे. हत्यारांच्या पेटीवर लावतो.
चढावर गाडी अडली
तर तिथून पुढचं मी म्हणेन."

'श्री देवी श' त्याला दिला, 'श्री दे'सुद्धा.
वेलांटी तुटलेला 'श्री' का कोण जाणे मी ठेवला.
बिल केलं तीनशे ऐंशी.
मिठाचे पैसे लावायचे राहिले.